पवनचक्की, पाऊस आणि पहाटेचं दहिवर

प्रश्न जत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या शिवारात तीन-तीन मेगावॉटच्या पवनचक्क्या येणार म्हणून माणसं जमिनी बघून गेली. गावातली जुनी माणसं म्हणतात, पंखे आले की पाऊस गेला. पोरगा मोबाईलवर दाखवतो, अमेरिकेत पवनचक्क्यांनी तापमान वाढलं. माझी जमीन शाळवाची (रब्बी ज्वारीची), ओलीवर आणि दहिवरावर पिकणारी. ग्रामसभेत हो म्हणू की नाही? खरं काय?"

मी वारा मोजणारा माणूस. पवनचक्की येण्याआधी वर्ष-दोन वर्षं तिथे मास्ट, म्हणजे मोजणीचा उंच बारीक खांब, उभा राहतो, त्यावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या आणि दिशादर्शक बसतात, तापमान-आर्द्रतेची यंत्रं बसतात. ते बसवणं, बिघडलं की वर चढून बदलणं आणि त्या आकड्यांवरून कुठलं मशीन कुठे उभं करायचं हे सांगणं, यात वीसहून जास्त वर्षं गेली. सातारा, सांगली, धुळे अशी ती वाटणी. माझ्या घरची चूल पवनऊर्जेवरच पेटली, तेव्हा मी सांगतो ते त्या हिशेबाने ऐका आणि जिथे शंका येईल तिथे घ्या.

उत्तर आधी देऊन टाकतो. पावसाचं म्हणाल तर नाही, पंखे पाऊस पळवत नाहीत. तापमानाचं म्हणाल तर हो, फरक पडतो. पण तो रात्रीचा, अंशाच्या घरातला आणि पंख्यांच्या आसपासचा. दहिवराबद्दलची तुमची शंका रास्त आहे आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात तीच सगळ्यात शहाणी शंका आहे. पाण्याचं नुकसान होऊ शकतं, पण ते पंख्यांमुळे होत नाही, रस्त्यांमुळे होतं. आता एकेक.

पावसाची गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती चाळकेवाडीच्या पठारावर. राज्यात 1998 नंतर सवलती मिळाल्या आणि ठोसेघर, चाळकेवाडी, पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवडे, सांगलीकडे ढालगाव, गुढे-पाचगणी असे डोंगरमाथे पंख्यांनी भरायला लागले. आणि नेमका त्याच सुमारास, 2002 आणि 2003 साली, माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस रुसला. मी मास्टच्या तारा ताणत होतो आणि मेंढरं घेऊन चाललेले एक म्हातारबा थांबले. म्हणाले, "साहेब, हे बघा की डोळ्यांनी. पश्चिमेकडनं ढग येतोय काळाभोर. पंख्यापाशी आला की फाटतोय. पुढं गेला की कापूस, आणि त्याच्या पुढं काहीच नाही. आता तुम्हीच सांगा."

मी वर बघितलं. अगदी तसंच होत होतं.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण शहरातली शिकलेली माणसं या गोष्टीला अंधश्रद्धा म्हणून उडवून लावतात. म्हातारबांनी पाहिलं ते खोटं नव्हतं. ढग खरंच त्या रांगेपाशी विरत होता. चूक एवढीच होती की विरण्याचं कारण पंखा नव्हे, पंखा ज्यावर उभा होता ती कडा होती. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला आदळते, वर चढते, वर चढताना थंड होते, तिच्यातली वाफ ढग होऊन बरसते. माथा ओलांडला की तीच हवा पूर्वेला खाली उतरायला लागते. उतरणारी हवा दाबली जाते, तापते, आणि ढगातले थेंब पुन्हा वाफ होऊन हवेत मिसळतात. ढग फाटतो, कापूस होतो, नाहीसा होतो. ही क्रिया माथ्याच्या पूर्व कडेला होते. आणि वारा सगळ्यात जोरात कुठे मिळतो? माथ्यावर आणि कडेवर. म्हणून आम्ही पंखे नेमके तिथेच उभे केले. जिथे ढग हजारो वर्षं विरत आलाय, तिथे आम्ही जाऊन खांब रोवला, आणि मग खांबामुळे ढग विरला असं दिसायला लागलं.

याचा पुरावा हवा असेल तर महाबळेश्वरहून वाईला उतरा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे दोन हजारांच्या आत. पसरणी घाट उतरून वाईत आलात की हजाराच्याही आत, आणि तसंच पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे गेलात की पाचशेच्या घरात. या वाटेत घाटमाथ्यावरचा पाऊस एकदशांशावर येतो. इंग्रजांच्या काळापासून पावसाची मोजमापं आहेत आणि तेव्हाही चित्र असंच होतं. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव 1876-78 च्या दुष्काळाच्या काळातलं काम आहे. 1972 सालीही या भागात एकही पंखा नव्हता, आणि 72 चा दुष्काळ तुमच्या घरात कोणीतरी अजून सांगत असेल.

2002 चं बोलायचं तर त्या वर्षी पाऊस फक्त माण-जतमधून गेला नव्हता. देशभरचा मोसमी पाऊस सरासरीच्या सुमारे 81 टक्के झाला आणि जुलै महिना तर निम्म्यावर आला. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश कोरडे पडले, तिथे कुणी पंखे लावले होते? उलट बाजूही बघा. पुढे पंखे वाढतच गेले, आणि 2005, 2019, 2021 साली कृष्णा-कोयनेला महापूर आले. वनकुसवड्याचा माथा कोयनेच्या शिवसागराच्या डोक्यावर आहे. पंखे पाऊस पळवत असते तर कोयना धरणाचं पाणलोट आधी कोरडं पडायला हवं होतं. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, सगळे पंखे जागेवर असताना.

जतकरांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. तुमच्याकडचा मुख्य पाऊस घाटावरून येतच नाही. जत, आटपाडी, माण या भागात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात आणि मग परतीचा. दुपारभर ऊन तापतं, संध्याकाळी ढग उभे राहतात, पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून गडगडत येतात. वनकुसवड्याचे पंखे तुमच्या पश्चिमेला. तो पाऊस त्यांच्या वाटेला जात नाही, आणि ते त्याच्या वाटेत नाहीत. गडगडाटी ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटर उंच जातो. पंख्याचं पातं, आपल्याकडच्या आताच्या मोठ्या मशीनचं धरलं तरी, जमिनीपासून दोनशे मीटरच्या आसपास पोचतं. वनकुसवड्याच्या जुन्या मशीनचं तर त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही.

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी एक हिशेब. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस, म्हणजे हजार टन पाणी. तेवढी वाफ ढगात थंड होऊन पाणी बनताना जी उष्णता बाहेर टाकते, ती विजेच्या भाषेत जवळपास सात लाख युनिट भरते. दोन मेगावॉटचं मशीन पूर्ण ताकदीने चोवीस तास चाललं तर दिवसाला 48 हजार युनिट देतं, आणि तसं ते वर्षात फार थोडे दिवस चालतं. म्हणजे एका चौरस किलोमीटरवरच्या एका मिलिमीटरच्या भुरभुरीएवढ्या ऊर्जेला हात घालायला त्या मशीनला दोन आठवडे लागतील. पावसाचं यंत्र हे असं आहे. त्यापुढे आमचा पंखा म्हणजे पुराच्या पाण्यात लावलेली सायकलची चकती.

मोठमोठ्या काल्पनिक पवनक्षेत्रांची गणितं संगणकावर करून बघितलेली आहेत, तीही सांगतो, म्हणजे मी काही लपवलं असं वाटायला नको. 2011 मध्ये अमेरिकेच्या मध्यभागी एक अवाढव्य पवनक्षेत्र कल्पून केलेल्या अभ्यासात आग्नेयेकडच्या राज्यांत उन्हाळी हंगामातला पाऊस सुमारे एक टक्का वाढला. 2018 मध्ये अख्ख्या सहारात पंखे आणि सौर पट्टे लावले तर काय, असं गणित केलं, तिथेही पाऊस वाढला. जमीन खडबडीत झाली की हवा मंदावते, गोळा होते, थोडी वर उचलली जाते. म्हणजे कल्पनेतही कल गावकऱ्यांच्या भीतीच्या उलटाच निघतो. पण ही गणितं खंडाएवढ्या पवनक्षेत्रांची आहेत. तुमच्या शिवारातल्या वीस-पंचवीस मशीनला ती लावू नका, ना घाबरवायला, ना आमिष दाखवायला.

आता तापमान. इथे खरी गंमत आहे.

डिसेंबरातली पहाट होती. साठ मीटरच्या मास्टवरची एक वाटी अडकली होती, वारा सुटायच्या आत बदलायची म्हणून साडेपाचला चढायला लागलो. खाली दात वाजत होते, शिडीचा लोखंडी दांडा हाताला चावत होता, बुटांवर दहिवर साचलेलं. वीस मीटरवर थंडी जरा सैल झाली. चाळीसवर कान गरम झाले. वर पोचेपर्यंत स्वेटर काढून कमरेला बांधावासा वाटला, आणि ते चढण्याच्या श्रमामुळे नव्हतं, कारण पट्टा अडकवून अर्धा तास निवांत बसलो तरी तसंच होतं. खाली उतरलो तर पुन्हा दात वाजायला लागले. यंत्रातली नोंदही नंतर तेच सांगत होती. नवीन पोरं कामाला आली की मी त्यांना थंडीतल्या पहाटे एकदा तरी वर चढवतो, पुस्तकातलं सांगत बसत नाही.

निरभ्र, शांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि थंड होते. तिला चिकटलेली हवा थंड होते, जड होते, खालीच बसते. वरची हवा दिवसाची ऊब धरून राहते. बादलीत कढत पाणी आणि विसण नीट ढवळलं नाही तर वर चटका आणि तळाला गार, तसं. हात घालून ढवळलं की तळाचं पाणी कोमट होतं. बादलीतली एकूण उष्णता मात्र तेवढीच राहते, हाताने काही ती वाढवलेली नसते.

पंख्याचं पातं म्हणजे तो हात. वाऱ्यातली काही ऊर्जा काढून घेतल्यावर पंख्यामागे हवा खळबळलेली, भोवऱ्या-भोवऱ्यांची निघते. (सगळी ऊर्जा काढता येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं की वरची हद्द 59.3 टक्के आहे, आणि प्रत्यक्षात चांगलं मशीन चाळिशीच्या पुढेमागे खेळतं.) ही खळबळ वरची उबदार हवा खाली आणते आणि खालची गार हवा वर नेते. म्हणून पंख्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा पंखा ओलांडून जिकडे जातो तिकडे, रात्री जमिनीलगत किंचित ऊब वाढते. दिवसा ऊन जमीन तापवतं, हवा आपली आपणच उसळून घुसळली जाते, तेव्हा पंख्याने आणखी घुसळून फारसं काही बदलत नाही. कधी कधी उलट थोडा गारवा येतो.

फळबागवाल्यांना ही युक्ती आपल्याही आधीपासून ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात संत्र्याच्या आणि द्राक्षांच्या बागांत दहा-बारा मीटर उंच खांबावर मोटरीचे पंखे बसवलेले असतात. हिमतुषाराची रात्र आली की ते चालू करतात, वरची ऊब खाली ओढून फुलोरा वाचवतात. आपल्याकडे निफाडला पारा घसरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, तो लढाही जमिनीलगतच्या त्याच थंड थराशी असतो.

मोजमापंही आहेत, नुसता तर्क नाही. सोमनाथ बैद्य रॉय हे आपल्याकडचे शास्त्रज्ञ, पुढे दिल्लीच्या आयआयटीत शिकवायला आले. 2004 मध्ये त्यांनी हा परिणाम गणिताने मांडला आणि 2010 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन गोर्गोनिओ खिंडीतल्या पवनक्षेत्राच्या 1989 सालच्या जुन्या नोंदी उकरून काढून दाखवलं की पंख्यांच्या मागे रात्री हवा गरम आणि दिवसा थोडी गार होती. तिथले पंखे बुटके, 23 मीटरचे, दाटीने रांगांत उभे. स्कॉटलंडमध्ये ब्लॅक लॉ नावाच्या पवनक्षेत्रात, दलदलीच्या माळावर, पंखे चालू असताना आणि बंद असताना जमिनीलगत काय फरक पडतो ते मोजलं. रात्री 0.18 अंश वाढ आणि हवेतल्या ओलाव्यात घनमीटरला 0.03 ग्रॅमची वाढ. आयोवात मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात 2010 पासून अशीच मोजणी झाली, कारण तिथे पंखे थेट पिकात उभे आहेत. तिथेही ठसा तोच, रात्री ऊब, दिवसा अगदी किंचित गारवा.

तुमच्या मुलाने जे दाखवलं ते बहुधा टेक्सासचं. 2012 मध्ये लिमिंग झोउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहावरून 2003 ते 2011 मधलं जमिनीचं तापमान बघितलं. पश्चिम-मध्य टेक्सासात त्या काळात पंखे शंभरेकांवरून 2,358 वर गेले होते, आणि पंखे असलेली जमीन शेजारच्या बिनपंख्याच्या जमिनीपेक्षा, विशेषतः रात्री, दशकाला 0.72 अंशापर्यंत या वेगाने गरम होताना दिसली. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी मथळा दिला की पवनऊर्जेने पृथ्वी तापते. संशोधकांनी तसं म्हटलेलंच नव्हतं. एक तर हे हवेचं नव्हे, जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान. दुसरं, 'दशकाला इतकं' हा वेग दिसला कारण त्या वर्षांत पंखेच दरवर्षी वाढत होते. पंखे वाढायचे थांबले की वाढही थांबणार. बादली कितीही वेळ ढवळा, तळाचं पाणी एका मर्यादेपलीकडे गरम होत नाही. मोबाईलवर तो वेग पुढची पन्नास वर्षं ओढून चार अंश वगैरे सांगणारे लोक मी बघितलेत. त्यांना कुणीतरी एकदा पहाटे मास्टवर चढवायला हवं.

2018 मधला मिलर आणि कीथ यांचा अभ्यासही यातच धरा. अमेरिकेची सगळी वीज वाऱ्यातून काढायची ठरवली तर त्या भूभागाचं तापमान सरासरी 0.24 अंशाने वाढेल, असं त्यांचं गणित. गणित गंभीर आहे, मी ते झटकून टाकणार नाही. पण ही वाढ पंखे थांबले की थांबते. कोळशाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड आज सोडलेला उद्याही वरच राहतो आणि साठत जातो. दोन्ही एका तराजूत घालताना एवढं तरी बघावं.

आता हे सगळं जतच्या शिवारात आणून ठेवू. इथे मला जे सांगायचंय ते परदेशातल्या अभ्यासांत सापडत नाही, कारण त्यांचा वारा वेगळा आणि आपला वेगळा.

आपल्याकडचा वारा मोसमी आहे. वर्षभराच्या विजेतला मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत निघतो. आषाढात पठारावर उभं राहवत नाही, टॉवरचं दार उघडलं की हातातून निसटतं. तेव्हा आकाश ढगांनी झाकलेलं असतं, जमिनीची ऊब ढग अडवतात, आणि एवढ्या जोराच्या वाऱ्यात हवा खालून वरपर्यंत आधीच घुसळलेली असते. बादली आधीच ढवळलेली असेल तर हात घालून काय होणार? म्हणजे पंखे जेव्हा सगळ्यात जोरात फिरतात, तेव्हा त्यांचा तापमानावरचा परिणाम जवळपास शून्य. आणि लोकांना भीती नेमकी त्याच महिन्यांची.

मार्गशीर्ष-पौषातल्या कडक थंडीच्या रात्री गार थर जाड असतो, तेव्हा ढवळण्याला अर्थ असतो. पण त्या रात्री वारा पडलेला असतो. सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वारा मिळाल्याशिवाय मशीन फिरायलाच लागत नाही, त्यामुळे पुष्कळ रात्री पंखे पाती लोंबकळत उभे असतात. मधल्या रात्री उरतात: आकाश मोकळं, जमिनीवर पान हलत नाही, पण शंभर मीटरवर पाच-सहा मीटरचा वारा सरकतोय. या रात्री मशीन फिरतं आणि खाली फरक पडू शकतो. अशा रात्री आपल्या पठारांवर असतात. मास्टच्या नोंदीत त्या ओळखू येतात, वरच्या वाट्या फिरत असतात आणि दहा मीटरवरची ठप्प.

म्हणजे दहिवरावर परिणाम होईल का? होऊ शकतो. दहिवर पडायला पान हवेपेक्षा गार व्हावं लागतं आणि हवा स्थिर असावी लागते. ढवळणीने या दोन्हीत थोडी खोट येते. दहिवर उशिरा सुरू होईल, सकाळी थोडं लवकर उडेल. पंख्याच्या अगदी खाली आणि वाऱ्याखालच्या काही शे मीटरांत, आणि तेही वर सांगितलेल्या मधल्या रात्रींत. शाळवाला दहिवराचा आधार असतो हे मला मान्य आहे, पण शाळू मुख्यतः जगतो तो जमिनीत मुरलेल्या परतीच्या पावसाच्या ओलीवर. काळी जमीन किती खोल आहे, याने तुमच्या कणसात जो फरक पडतो त्याच्या पासंगालाही दहिवराचा हा फरक पुरणार नाही असं मला वाटतं. माझं मत आहे हे, मोजमाप नव्हे. उलटी बाजूही आहे. दहिवर कमी म्हणजे पानावर ओल कमी वेळ, म्हणजे बुरशीजन्य रोगांना वाव कमी. ज्यांची द्राक्षं आहेत आणि डाउनीने (केवडा रोगाने) झोप उडते, ते कदाचित पंखा आपल्याच बांधाला लावा म्हणतील.

नवीन मशीनबद्दल एक बारीक गोष्ट. जुन्या पंख्यांची पाती खाली पंचवीस-तीस मीटरपर्यंत येत. तुमच्याकडे येणाऱ्या मशीनचा टॉवर सव्वाशे-दीडशे मीटरचा असेल, पात्याचं खालचं टोक पन्नास मीटरच्या वरच राहील. मशीनमधलं अंतरही मोठं असतं. आमच्यात 'पाच डी, सात डी' म्हणतात, म्हणजे पात्याच्या फेऱ्याच्या व्यासाच्या पाचपट एका दिशेला आणि सातपट वाऱ्याच्या दिशेला. सॅन गोर्गोनिओच्या बुटक्या, दाट रांगांशी तुमच्या शिवाराची तुलना होत नाही. ढवळणारा हात बादलीच्या तळापासून बराच वर असेल.

तुम्ही डेन्मार्कच्या समुद्रातलं ते प्रसिद्ध छायाचित्रही पाहिलं असेल, प्रत्येक पंख्यामागे पांढऱ्या धुक्याचा झोत. हॉर्न्स रेव्ह, फेब्रुवारी 2008. लोक ते 'पंखा ढग बनवतो' म्हणून पाठवतात, आणि तेच लोक दुसऱ्या दिवशी 'पंखा ढग पळवतो' म्हणून दुसरं काहीतरी पाठवतात. त्या सकाळी समुद्रावरची हवा धुकं धरण्याच्या उंबरठ्यावरच होती, पंख्यांनी दोन थर मिसळले आणि वाफ दिसायला लागली. थोड्या वेळाने विरलीही.

हवामान सोडून चाळकेवाडीवर एक परिणाम मात्र खरोखर मोजला गेलाय, आणि तो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं की पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी, घारी-ससाण्यांसारखे, पंखे नसलेल्या भागापेक्षा जवळपास चारपट कमी आहेत. त्यामुळे तिथे सरडे वाढलेत आणि निर्धास्त झालेत. निळ्या-केशरी गळ्याचा तो सुंदर सरडा पंख्याच्या पायथ्याशी मान डोलवत बसलेला मी शेकडो वेळा बघितला, पण तो तिथे एवढा का दिसतो हे मला कधी सुचलं नाही. त्याच्या शास्त्रीय नावात आपला मराठी 'सरडा' आहे, हे कळल्यावर उगाच आनंद झाला.

आता रस्ते. माझ्या धंद्याने गावांचं पाणी कुठे बिघडवलं असेल तर ते इथे. एका जुन्या कामात, कंपनीचं नाव सांगत नाही, पन्नास टनांच्या क्रेनला वर न्यायचं म्हणून डोंगराच्या कुशीतून रस्ता काढला. वळणं रुंद लागतात, कारण पातं एका तुकड्यात येतं. उतारावरचा मुरूम जेसीबीने खाली ढकलला, दोन ओढ्यांच्या तोंडाशी तो साचला, पाइप टाकायचा होता तो कागदावरच राहिला. पहिल्या पावसात रस्त्याच्या कडेने पाणी वेगळ्याच अंगाला धावलं. खालच्या वाडीतला झरा, जो माघापर्यंत पाजायचा, तो त्या वर्षी दिवाळीनंतर आटला. बायका मला म्हणाल्या, "पंख्यानं पाणी पळवलं." मी म्हणालो, पंख्याने नाही. आणि मग गप्प बसलो, कारण पुढचं वाक्य सांगायला लाज वाटत होती. भीमाशंकरजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पातल्या रस्त्यांनी जंगलाचं आणि उताराचं काय केलं, हे पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालात आहे.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणखी एक प्रकार होतो. कातळावरची वीतभर माती म्हणजे पावसाळ्यात पाणी धरणारा स्पंज. क्रेनसाठी पन्नास मीटर लांबरुंद जागा ठोकून सपाट केली की तो स्पंज गेला. काम संपल्यावर वरची माती परत पसरायची असते, बहुतेक वेळा ती तोवर कुठेतरी भरावात गेलेली असते. उघड्या, ठोकलेल्या मुरमाची जागा दुपारी तापते ती निराळीच. तुम्ही दिवसा तापमान वाढल्याचं कुणाकडून ऐकलं असेल तर ते बहुधा या उघड्या जागेचं असेल.

तेव्हा ग्रामसभेत पावसावर वेळ घालवू नका, त्या वादात कंपनीचा माणूस सहज जिंकतो आणि मग तुमच्या खऱ्या मुद्द्यांनाही हसतो. रस्त्याचा नकाशा मागा, ओढ्यांच्या प्रत्येक ओलांडणीला मोरी किती रुंदीची ते लिहून घ्या. वरची माती वेगळी साठवून परत पसरण्याचं कलम करारात घाला आणि काही रक्कम ते होईपर्यंत अडकवून ठेवा. मास्टच्या नोंदी कंपनीकडे असतात, त्यातल्या तापमान-आर्द्रतेच्या नोंदी गावाला द्या म्हणा, त्यात गुपित काही नसतं. पावसाच्या मंडलनिहाय नोंदी सरकारकडे असतात, मागच्या सगळ्या वर्षांच्या एका वहीत उतरवून ठेवा.

आणि दहिवराची शंका फेडायची असेल तर ती तुम्ही स्वतः फेडू शकता. तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारी डबी आता फार महाग राहिलेली नाही. दोन घ्या. एक जिथे पंखा येणार त्या शेतात, दुसरी तशाच मातीच्या, तशाच उंचीच्या, दोन-तीन किलोमीटर दूरच्या शेतात. पंखा यायच्या आधी एक पूर्ण हिवाळा दोन्ही चालू द्या, नाहीतर नंतर दिसलेला फरक पंख्याचा की जमिनीचा हे कधीच कळणार नाही. पत्र्याच्या शेडला किंवा विहिरीच्या कठड्याला टांगू नका. लाकडी खांबावर, जमिनीपासून सव्वा मीटरवर, वरून ऊन-पाऊस लागणार नाही पण बाजूने वारा खेळेल अशी, आणि शाळवाच्या ताटांपासून हातभर मोकळी जागा सोडून. शाळू पोटरीत आला की ताटं वाढून डबीला झाकतात, तेव्हा आठवड्यातून एकदा चक्कर मारून पानं बाजूला करा.